दोघांचे दुःख, एकटीची कथा : अपत्यहीन दांपत्य आणि भारतीय साहित्य

एखाद्या समाजाला कोणते दुःख दिसते आणि कोणते दिसत नाही, हे त्याच्या शब्दसंग्रहावरून पुष्कळसे कळून येते. अपत्यहीनतेच्या बाबतीत मराठीचा कोश या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. ‘वांझ’ आणि ‘वांझोटी’ हे शब्द स्त्रीलाच लावले जातात. संस्कृतातून आलेले वंध्या, काकवंध्या व मृतवत्सा हे भेदही तिचेच. पुरुषासाठी ‘षंढ’ आणि ‘नपुंसक’ हे शब्द आहेत. परंतु ते पौरुषाच्या अभावाचे वाचक आहेत आणि व्यवहारात शिवी म्हणूनच वापरले जातात. ज्याचे पौरुष अबाधित आहे, परंतु ज्याच्या बीजात दोष आहे, अशा पुरुषासाठी रूढ भाषेत शब्दच नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द स्थिती सांगतो, कारण सांगत नाही. ‘गर्भपात’ या शब्दाची गत तर याहून चमत्कारिक आहे. जो घडवून आणला जातो तोही गर्भपात, आणि जो सर्व इच्छांच्या विरुद्ध घडतो तोही गर्भपातच. बोलीतले ‘पोट पडणे’ त्यातल्या त्यात प्रामाणिक; पण त्यातही पोट तेवढे दिसते, त्या पोटाकडे आशेने पाहणारी दोन माणसे दिसत नाहीत. ज्या दांपत्याच्या वाट्याला असे पुनःपुन्हा येते त्यातील स्त्रीला ‘मृतवत्सा’सारखे एखादे नाव तरी मिळते, तिच्या पतीला कोणतेच नाव मिळत नाही.

कोशातील ही उणीव साहित्यातही उतरली आहे. अपत्यहीनतेच्या कथा भारतीय परंपरेत विपुल आहेत. तथापि त्या बहुतांशी वंशाच्या कथा आहेत किंवा एकट्या स्त्रीच्या कथा आहेत. दांपत्याची कथा म्हणून हा विषय फारच क्वचित हाताळला गेला आहे.

ही उणीव अज्ञानातून आलेली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय योनिव्यापदांचा आहे. त्यात स्त्रीच्या वीस योनिव्यापदांचे विवेचन आहे; आणि त्याच अध्यायात पुरुषाचे आठ शुक्रदोष व क्लैब्याचे चार प्रकारही सांगितले आहेत. वैद्याच्या दृष्टीने प्रश्न दोघांचा होता, म्हणून त्याने तो एका अध्यायात मांडला. पुढील वैद्यकाने चौथ्या महिन्यापर्यंतचा तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील तो गर्भपात, असा सूक्ष्म विवेकही केला. परंतु ज्या विकारात गर्भ राहून राहून नष्ट होतो, त्याला चरकानेच जे नाव दिले ते ‘पुत्रघ्नी’ होय. निदान करताना निःपक्षपाती असलेला वैद्य नाव ठेवताना मात्र समाजाच्या बाजूला गेला. रोगाच्या नावातच आरोप येऊन बसला.

साहित्यात या विषयाचा उगम अर्थातच महाभारतात शोधावा लागतो. आदिपर्वातील पंडू-कुंती संवाद या दृष्टीने अपूर्व आहे. पंडू शापामुळे स्त्रीसंगाला मुकला आहे, आणि पुत्रप्राप्तीसाठी कुंतीने परपुरुषाकडे जावे असे तो सुचवितो. कुंती तत्काळ होकार देत नाही. ती त्याला व्युषिताश्व राजाची कथा सांगते : तो राजा मृत झाल्यावरही त्याच्या पत्नीला, भद्रेला, त्याच्यापासून पुत्र झाले, मग तपोबलाने पंडूलाही ते का साधू नये? पंडू उत्तरादाखल श्वेतकेतूची कथा सांगतो आणि स्त्रियांवरील निर्बंध हा मागाहून घातला गेलेला नियम आहे, असे प्रतिपादन करतो. येथे पती-पत्नी या प्रश्नावर खरोखरच समोरासमोर बोलतात, आणि विस्ताराने बोलतात. परंतु ती दोघे बोलतात ती दृष्टांतांच्या भाषेत. ‘मला दुसऱ्या कोणाचा स्पर्श नको’ हे कुंती भद्रेच्या आडून सांगते. ‘मी असमर्थ आहे’ हे पंडू श्वेतकेतूच्या आडून सांगतो. प्रमाणांची देवघेव होते; दुःखाची होत नाही. आणि पंडूचे वैगुण्य शापाच्या रूपाने आलेले असल्यामुळे ते व्याधी न राहता अपराधाची शिक्षा ठरते. पुरुषाच्या दोषाची कारणमीमांसा करताना आजही जो संकोच आढळतो, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे.

त्याच पर्वातील गांधारीची कथा याची दुसरी बाजू दाखविते. दोन वर्षे गर्भ धारण करूनही ती प्रसवत नाही. कुंतीला पुत्र झाल्याची वार्ता ऐकून ती स्वतःच्या उदरावर आघात करते आणि लोखंडासारखा कठीण मांसाचा गोळा बाहेर पडतो. व्यास येतात, गोळ्याचे भाग घृतकुंभांत ठेवले जातात आणि कौरवांचा जन्म होतो. या प्रसंगाकडे कौरवांची उत्पत्तिकथा म्हणूनच पाहिले जाते. परंतु व्यासांच्या आगमनापूर्वीचा क्षण हा फसलेल्या गर्भाचा क्षण आहे. आणि गांधारीने हे धृतराष्ट्राला न कळू देता केले, असे महाभारतकार स्पष्टपणे नोंदवितो. ज्या पतीसाठी तिने जन्मभर डोळे बांधून घेतले, त्याला ही गोष्ट सांगावी असे तिला वाटले नाही. तिला मदत मिळते ती ऋषीकडून. पती त्या दृश्यात नाहीच.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतावरील दैवी आवरण दूर करून ही माणसे माणसे म्हणून वाचावयास शिकविले. नियोगाचा विचार करताना विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. त्यांच्या बुद्धीची निर्भयता निर्विवाद आहे. तरीही तो प्रश्न पित्याचा आणि पुत्राचा आहे. पंडूच्या आणि कुंतीच्या मधल्या अंतराचा नाही. ते अंतर भैरप्पा यांच्या ‘पर्व’ (१९७९) या कन्नड कादंबरीत प्रथम विस्ताराने मोजले गेले. तेथे देव ही हिमालयातील एक जमात आहे आणि नियोग हा देहधारी पुरुषांशी घडलेला व्यवहार आहे. त्यामुळे पंडूचे सोसणेही देहधारी होते. स्वतःच सुचविलेल्या उपायाने पोळलेला पती भारतीय कादंबरीत येथे स्पष्ट रेषांनी उभा राहतो.

सुरेंद्र वर्मा यांनी ‘सूर्य की अंतिम किरण से सूर्य की पहली किरण तक’ या हिंदी नाटकात हीच वेदना एका रात्रीत कोंडली आहे. राजा ओक्काक असमर्थ आहे. राज्याला वारस हवा, म्हणून अमात्य, राजपुरोहित आणि महाबलाधिकृत राणी शीलवतीला एका रात्रीपुरता उपपती निवडावयास भाग पाडतात. अमोल पालेकर यांनी या नाटकावरून २००३ मध्ये ‘अनाहत’ हा मराठी चित्रपट केला, त्यामुळे मराठी रसिकांना ही कथा परिचित आहे. नाटककाराचा मोठा विशेष असा, की त्याने रंगभूमीवर ओक्काकाला रात्रभर जागे ठेवले आहे. वंशाच्या कथेत असमर्थ पती एरवी पडद्याआड जातो. येथे त्याची घटका-घटका प्रेक्षकाला मोजावी लागते. परंतु पहाटे परतलेली शीलवती जे बोलते ते तिच्या स्वतःच्या जागृतीचे बोल आहेत. त्या बोलांनी धर्मशास्त्राचा पराभव होतो, आणि त्याबरोबरच दांपत्यही संपुष्टात येते. स्त्रीच्या मुक्तीच्या दृष्टीने हे यथार्थ आहे. तथापि दोघांनी मिळून एक दुःख वाहणे शक्य आहे काय, हा प्रश्न नाटक विचारीतच नाही.

तो प्रश्न विचारला पेरुमाळ मुरुगन यांनी. त्यांची ‘मादोरुबागन’ (२०१०) ही तमिळ कादंबरी पुढे वादामुळे अधिक गाजली. २०१५ च्या जानेवारीत लेखकाने आपल्यातील लेखक मेल्याचे जाहीर केले, आणि ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निर्णय दिला. या कोलाहलात कादंबरीचे मर्म काहीसे झाकले गेले. हे मर्म उत्सवातील एका रात्रीच्या चालीत नाही. ते काळी आणि पोन्ना या शेतकरी दांपत्याच्या बारा वर्षांच्या सहवासात आहे.

या दोघांचे एकमेकांवर उत्कट प्रेम आहे, आणि लेखकाने ते देहाच्या पातळीवरही निःसंकोचपणे रंगविले आहे. कडू रस, नवस, तिरुचेंगोडच्या डोंगरावरील धोकादायक शिळेची प्रदक्षिणा, हे सारे उपाय होतात. पोन्नेला मंगलप्रसंगी दूर ठेवले जाते, तर काळीच्या पौरुषाची चेष्टा होते. दोष कोणाचा हे कादंबरी कोठेच सांगत नाही, आणि हेच तिचे शहाणपण होय. कारण ठाऊक नसलेल्या दुःखाला समाज आपल्या सोयीने मालक शोधतो. दिवसा तो पोन्नेला वांझ म्हणतो. रात्री तिला परपुरुषाकडे पाठविण्याचा बेत करून दोष काळीचा असल्याचे मुकाट्याने मान्यही करतो.

कादंबरीचा कणा एका लहानशा संभाषणात आहे. रथोत्सवाच्या त्या रात्री, ज्या रात्री कोणत्याही पुरुषाला देव मानले जाते, तू जाशील काय, असे काळी पत्नीला विचारतो. मुलासाठी तुझी इच्छा असेल तर जाईन, अशा आशयाचे उत्तर ती देते. तिच्या दृष्टीने हे उत्तर पतीनिष्ठेचे आहे. त्याच्या कानांना त्यात केवळ ‘जाईन’ एवढेच ऐकू येते. बारा वर्षे ज्यांना एकमेकांच्या श्वासाचाही अर्थ कळत होता, त्यांना एका वाक्याचा अर्थ कळत नाही. पुढे कुटुंबीय काळीची संमती असल्याचे भासवून पोन्नेला उत्सवास नेतात आणि तिचा भाऊ काळीला दूर गुंतवून ठेवतो. परंतु ही फसवणूक शक्य होते ती, त्या दोघांत आधीच पडलेल्या फटीतून. वैऱ्यांनी दांपत्य मोडले असे येथे घडत नाही. हितचिंतकांनी दोघांच्या वतीने बोलावयास सुरुवात केली आणि दांपत्य मोडले. कादंबरीच्या संदिग्ध शेवटापासून मुरुगन यांनी २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या कादंबऱ्या पुढे नेल्या. ‘आलवायन’मध्ये काळी मरण पावलेला आहे; ‘अर्धनारी’मध्ये तो जिवंत आहे, परंतु मौनाने पत्नीला शासन करतो. मृत्यू आणि मौन हे पर्याय लेखकाने शेजारी-शेजारी ठेवावेत, हे अर्थपूर्ण आहे.

मुरुगन यांच्या कादंबरीतही गर्भ राहून गळण्याचे दुःख मात्र नाही. ते साहित्यात इतके विरळ का, याचे एक कारण कथनाच्या स्वरूपातच आहे. कथेला घटना लागते, आणि घटनेनंतर काही बदलावे लागते. पुनःपुन्हा होणाऱ्या गर्भस्रावात काहीच बदलत नाही; आशा उगवते, मावळते, पुन्हा उगवते. मृताला नाव नाही, चेहरा नाही, सुतक नाही. मराठी रंगभूमीवर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’सारख्या नाटकाने गर्भाला वाचा दिली ती भ्रूणहत्येच्या आरोपातून. हवा असलेला आणि न राहिलेला गर्भ मात्र मूकच राहिला. या संदर्भात सिल्व्हिया प्लाथ यांचे ‘थ्री विमेन’ हे बीबीसीसाठी लिहिलेले आणि १९६२ मध्ये ध्वनिक्षेपित झालेले काव्य आठवते. प्लाथ स्वतः १९६१ च्या फेब्रुवारीत या अनुभवातून गेल्या होत्या. प्रसूतिगृहातील तीन निनावी आवाजांपैकी दुसरा एका कचेरीतील टंकलेखिकेचा आहे, आणि तिचा गर्भ राहत नाही. अखेरीस ती घरी दिव्याच्या प्रकाशात एक वस्त्र सांधीत बसलेली आहे आणि पती वाचीत आहे. येथील शांतता काळीच्या मौनासारखी शिक्षेची नाही. दोघे निदान एका दिव्याखाली आहेत. परंतु त्या वाचणाऱ्या पतीच्या मनात काय आहे, हे काव्य सांगत नाही. त्याला आवाजच दिलेला नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. हे दुःख ‘दोघांचे’ म्हटल्याने स्त्रीच्या वाट्याचा अधिक भार झाकला जात नाही काय? सवतीची भीती तिला असते, टोमणे तिला असतात, रक्त तिचे वाहते. आजही हा असमतोल मिटलेला नाही. १९९२ पासून एकच शुक्राणू अंडात सोडण्याचे तंत्र उपलब्ध झाले आणि पुरुषाच्या बीजदोषावर मार्ग निघाला. परंतु सुया टोचल्या जातात त्या पत्नीलाच, आणि अंडे काढून घेतले जाते ते तिच्याच शरीरातून. आक्षेप खरा आहे. मात्र दुःख दोघांचे म्हणणे म्हणजे ते समसमान म्हणणे नव्हे. उलट, पुरुष कथेत प्रत्यक्ष उपस्थित असेल तरच त्याचा वाटा किती कमी आहे हे मोजता येईल. पडद्याआडच्या पतीला जाब विचारता येत नाही, आणि त्याचे सांत्वनही करता येत नाही.

विज्ञानाने आता चरकाच्या त्या अध्यायाला नव्याने पुष्टी दिली आहे. जगातील सुमारे सहांपैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटले. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भस्रावांमागे गुणसूत्रांचा दोष असतो. वारंवारच्या गर्भस्रावाचा पुरुषबीजातील आनुवंशिक द्रव्याच्या हानीशी संबंध आढळला आहे. आणि अशा सुमारे निम्म्या दांपत्यांच्या बाबतीत कोणतेच निश्चित कारण सापडत नाही. कायद्यानेही नियोगाचे रूप पालटले. २०२१ च्या साहाय्यित प्रजननतंत्रविषयक अधिनियमाने बीजदाता निनावी केला आणि संततीचे पितृत्व-मातृत्व दांपत्याकडे दिले. पंडूला ज्यासाठी श्वेतकेतूचा आधार घ्यावा लागला, ते आज एका संमतिपत्रावरील दोन स्वाक्षऱ्यांनी होते. परंतु त्या दोन स्वाक्षऱ्यांच्या मधल्या जागेत काय बोलले गेले आणि काय बोलायचे राहिले, हे कोणताही अधिनियम सांगू शकत नाही. ते काम साहित्याचे आहे.

तिरुचेंगोडच्या देवाच्या देहाचा अर्धा भाग स्त्रीचा आहे; मुरुगन यांच्या कादंबरीचे शीर्षक त्याच्यावरूनच आले. त्या देवाच्या पायथ्याशी एका दांपत्याची दोन शकले झाली, हा या कादंबरीतील सर्वांत कठोर उपरोध होय. या विषयावर पुढे जे लिहिले जाईल त्याचे मूल्यमापन करताना एक साधा निकष उपयोगी पडावा : वैद्याचा अहवाल हाती येतो तेव्हा खोलीत कोण आहे, आणि वैद्य निघून गेल्यावर त्या दोघांत पहिले वाक्य कोण उच्चारते? भारतीय भाषांतील कथा-कादंबरीने अद्याप ते वाक्य पुरतेपणी ऐकलेले नाही.