गुन्ह्याआधीचा गुन्हेगार

करमणुकीसाठी निर्माण झालेल्या कलाकृतीकडे गंभीरपणे पाहू नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. समाज कशाला भितो आणि कशावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, हे त्याच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या करमणुकीतून पुष्कळदा अधिक स्पष्टपणे कळते. म्हणूनच 'पर्सन ऑफ इंटरेस्ट' या अमेरिकन रहस्यमालिकेचा विचार येथे करावयाचे आम्ही ठरविले आहे. २०११ ते २०१६ या काळात सीबीएस वाहिनीवरून तिचे १०३ भाग प्रसारित झाले. मालिका संपून बरीच वर्षे लोटली. परंतु तिने कल्पिलेली गोष्ट आता शासनव्यवहारात येऊ पाहत आहे आणि वऱ्हाडातील वाचकांना तर तिचा संबंध अगदी घराजवळचा वाटावा असा आहे.

कथासूत्र थोडक्यात असे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हॅरॉल्ड फिंच नावाचा एक तंत्रज्ञ शासनासाठी एक यंत्र तयार करतो. शहरातील प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक दूरध्वनी आणि प्रत्येक संदेश हे यंत्र पाहते, ऐकते आणि घडणार असलेला गुन्हा आधीच ओळखते. शासनाला हवी असते केवळ दहशतवादी कटांची माहिती. सामान्य माणसांच्या खुनांची पूर्वसूचना 'असंबद्ध' ठरवून रोज मध्यरात्री पुसून टाकली जाते. फिंचला हे सहन होत नाही. जॉन रीस या माजी गुप्तहेराला सोबत घेऊन तो त्या पुसल्या जाणाऱ्या माणसांना वाचवू लागतो. यंत्र त्यांना देते तो फक्त एक क्रमांक. ज्याचा तो क्रमांक, तो माणूस मारणारा आहे की मारला जाणारा, हे यंत्र सांगत नाही.

मालिकेचे खरे सामर्थ्य या एका कल्पनेत आहे, असे आम्हांस वाटते. क्रमांक हाती आला म्हणजे निवाडा हाती आला असे होत नाही. प्रत्येक वेळी त्या माणसाजवळ जावे लागते, त्याची परिस्थिती समजून घ्यावी लागते. अनेक भागांत ज्याला गुन्हेगार समजावे तोच बळी ठरतो आणि ज्याची कीव करावी तोच सुरा लपवून बसलेला असतो. राज्यसंस्था 'असंबद्ध' म्हणून ज्यांना पुसते, त्यांच्या जिवाचे मोल तितकेच आहे, हे या मालिकेने लाखो प्रेक्षकांच्या मनावर ठसविले. अमेरिकी शासनाच्या व्यापक टेहळणीची कागदपत्रे २०१३ मध्ये जगापुढे आली. त्यापूर्वी दोन वर्षे या मालिकेने तो विषय घरोघरी नेला होता. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

तथापि तिच्या मुळाशी एक भ्रम आहे. मालिकेतील यंत्र सर्वांना सारखेच पाहते. शेअर बाजारातील दलाल, न्यायाधीश, पोलीस अधिकारी आणि रस्त्यावर झोपणारा बेघर, सगळेच त्याच्या नजरेखाली असतात. प्रत्यक्षातील यंत्र असे नसते. त्याला डोळे नाहीत. त्याला जे दप्तर वाचावयास दिले जाते, तेवढेच त्याला दिसते, आणि ते दप्तर बहुधा पोलिसांचे असते. गुन्हे कोठे घडतील याचे भाकीत करणारी एक प्रणाली लॉस एंजलिसच्या पोलिसांनी अनेक वर्षे वापरली आणि २०२० मध्ये बंद केली. शिकागोच्या पोलिसांनी माणसामाणसाला धोक्याचे गुण देणारी यादी केली होती; तीही त्यांना गुंडाळावी लागली. दोहोंवरील मुख्य आक्षेप एकच होता. ज्या वस्तीत पोलीस पूर्वी अधिक गेले, तेथे नोंदी अधिक झाल्या. नोंदी अधिक म्हणून यंत्राने तीच वस्ती दाखविली. यंत्राने दाखविली म्हणून पोलीस पुन्हा तेथेच गेले. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण गाव सोडून कोठेच जात नाही, तशी ही गती आहे.

वऱ्हाडात हे भाकीत नवे नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील कोणत्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारावे. संगणकाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे १९११ व १९२४ च्या कायद्यांनी त्याची व्याप्ती वाढविली. जमातीचे नाव एकदा जाहीर झाले की तिच्यातील माणसांची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी आणि परवान्याशिवाय फिरण्यास बंदी. गुन्हा घडण्याची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही. विणकराचा मुलगा जसा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा युक्तिवाद त्या कायद्याच्या पाठीशी होता. हा युक्तिवाद इंग्रजांनी विलायतेहून आणलेला नव्हता. जन्मावरून कर्म ठरविणारी चातुर्वर्ण्याची शिकवण त्यांनी येथेच उचलली आणि तिला कायद्याचे रूप दिले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिम जमाती आणि अस्पृश्य या तिन्ही वर्गांची गणना एकत्र केली आणि त्यांना निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. आपल्या वाचकांनी हे नाते विसरता कामा नये. पारधी बेड्याचा प्रश्न हा परक्याचा प्रश्न नव्हे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. दप्तर मात्र विमुक्त झाले नाही. 'गुन्हेगार जमात' गेली आणि 'सराईत गुन्हेगार' हा शब्द तिच्या जागी बसला. गावात चोरी झाली की आधी बेड्यावर गाडी जाते, ही आपल्या भागातील जुनी रीत आहे. अशा रीतीचा शेवट कोठे होऊ शकतो, हे महाराष्ट्रातील एका खटल्याने दाखवून दिले. २००३ मधील एका दरोडा व खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना धरण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच योग्य ठरविली. पुढे त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतला, प्रकरण पुन्हा ऐकले आणि मार्च २०१९ मध्ये सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांचा क्रमांक कोणत्या यंत्राने दिला होता? पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी याच न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणारी दृष्टीही नाकारली. प्रजासत्ताकाला हे सांगण्यास चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

त्याच २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पोलीस दलात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्यासाठी 'मार्व्हल' ही संस्था नागपूर येथे स्थापन केली. गुन्ह्यांच्या आकृतिबंधांचा अभ्यास आणि त्यांचे पूर्वानुमान ही तिच्या उद्दिष्टांपैकी आहेत. आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. सायबर फसवणुकीत एखाद्या निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी जात असेल आणि यंत्राच्या साहाय्याने ती वाचत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. या यंत्राला शिकविण्यासाठी कोणते दप्तर दिले जाणार? १८७१ पासून ज्यात तीच नावे, तेच पाडे, त्याच वस्त्या पुनःपुन्हा लिहिल्या गेल्या, ते दप्तर जर असेल, तर यंत्र जात शिकेल आणि तिला गणित म्हणेल. हवालदाराच्या पूर्वग्रहाशी न्यायालयात वाद घालता येतो. गणिताशी कोण वाद घालणार?

मालिका या प्रश्नापर्यंत येत नाही. तिसऱ्या पर्वापासून ती दुसऱ्याच वाटेला वळते. 'समॅरिटन' नावाचे दुसरे, दुष्ट यंत्र अवतरते आणि उरलेली कथा चांगले यंत्र विरुद्ध वाईट यंत्र अशी रंगते. नाट्य वाढते, विचार मात्र आटतो. चांगला राजा मिळाला की प्रजा सुखी, या पुराणकथेचेच हे नवे रूप होय. फिंच सज्जन आहे म्हणून त्याचे यंत्र सज्जन. परंतु ज्या व्यवस्थेचे बरेवाईट तिच्या मालकाच्या सज्जनपणावर अवलंबून असते, तिच्यापासून माणसाला संरक्षण हवे, यासाठीच तर संविधान असते.

या मालिकेखालचा तात्त्विक प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात भगवंतांनी तीन मते खोडून काढली आहेत. त्यांतील एक पुब्बेकतहेतुवाद, म्हणजे माणूस आज जे भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, हे मत. असे मानले तर हे करावे आणि हे करू नये, या विचाराला व प्रयत्नाला जागाच उरत नाही, असा भगवंतांचा आक्षेप आहे. गतकाळाच्या नोंदींवरून माणसाचा उद्याचा दिवस ठरविणारे यंत्र हे याच मताचे आधुनिक रूप आहे. अंगुलिमालाच्या रानाकडे निघालेल्या तथागतांना गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी अडविले. त्यांचे भाकीत नोंदींच्या दृष्टीने अचूक होते. त्या वाटेने गेलेली माणसे परतली नव्हती. तरीही तथागत गेले, आणि त्या भेटीने जे घडले ते कोणत्याही नोंदीत बसणारे नव्हते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान दिले, ते उगाच नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मग गुन्ह्याचे पूर्वानुमान करूच नये काय? अवश्य करावे. धम्माने ते केलेही आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या, अशी कार्यकारणांची साखळी सांगितली आहे. कूटदन्त सुत्तातील पुरोहित महाविजित राजाला सल्ला देतो की, वध आणि बंधन यांनी चोर संपत नाहीत. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन द्यावे. हेही भाकीतच आहे. फरक इतकाच की त्याचे बोट निर्धनाकडे न वळता राजाकडे वळते. कोणता माणूस चोरी करील, हा प्रश्न तेथे नाही. कोणत्या कारणाने चोरी होईल आणि ते कारण कोणी दूर करावयाचे, हा आहे.

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून आपल्या समाजातील भीक मागणाऱ्या मुलांसाठी शाळा उभी केली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह'. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेचा काही भागही पाडला गेला. मालिकेतील यंत्र सर्व काही पाहते. आपल्या राज्ययंत्राला एका शाळेला वळसा घालता आला नाही. बेड्यावरच्या मुलाच्या पुढे दप्तराने आधीच पूर्णविराम लिहून ठेवला होता. तो खोडून तेथे प्रश्नचिन्ह काढणारे हे काम आहे. नागपूरच्या यंत्राला आमची एवढीच सूचना आहे की, त्याला पोलीस ठाण्यांची दप्तरे द्यावयाची असतील तर पटावरून गळालेली मुले, जमिनीचा तुकडाही नसलेली कुटुंबे आणि कागदपत्रांअभावी जातीचा दाखला न मिळालेली घरे यांची दप्तरेही द्यावीत. मग ते जी यादी काढील, ती पोलीस ठाण्यात न पाठविता मंत्रालयात पाठवावी.