नियमांची बंदिश

रोबोकॉन ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची रोबो-स्पर्धा पाहायची असेल तर आधी त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचावी. बहुतेक लोक उलटं करतात. यूट्यूबवर एखादा सामना लावतात, लाल आणि निळ्या संघाचे सांगाडे घर्र करत इकडून तिकडे जाताना बघतात, कुणीतरी जिंकतं, पोरं एकमेकांना उचलून नाचतात, आणि ‘बरं केलंय हां पोरांनी’ म्हणत पुढचा व्हिडिओ सुरू होतो. तीन मिनिटांत काय घडलं ते हाती लागतच नाही. नियमांनी काय मागितलं होतं आणि या संघाने त्यातून काय काढलं, हे ठाऊक असल्याशिवाय ते लागणारही नाही.

ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते. ती सगळ्यांना सारखीच मिळते. तीच घेऊन एक गवई बैठक झोपवतो आणि दुसरा पहाट करतो. रोबोकॉनची नियमपुस्तिका म्हणजे त्या हंगामाची बंदिश. कुरुंदवाडच्या माणसाने एवढं म्हणायला हरकत नसावी. गायक विष्णू दिगंबर पलुस्कर 18 ऑगस्ट 1872 रोजी याच गावात जन्मले आणि इथूनच मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला गेले. गाणं ऐकताना चीज कुठली, असं आधी विचारायची सवय या भागात जुनी आहे.

या खेळाचं मूळ जपानात. मासाहिरो मोरी हे तिथले रोबोशास्त्रज्ञ. रोबो जवळजवळ माणसासारखा दिसू लागला की माणसाला त्याची शिसारी का येते, यावरचा त्यांचा 1970चा लेख जगभर गाजला. विद्यार्थ्यांनी हातांनी यंत्र करून खेळावं हा आग्रह त्यांचाच, आणि त्यातून 1988 साली एनएचके या जपानी प्रसारण संस्थेची रोबो स्पर्धा उभी राहिली. 2002मध्ये एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने ती आशियाभर नेली. पहिली स्पर्धा टोकियोत झाली आणि जिंकली व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीच्या पोरांनी. आपल्याकडे राष्ट्रीय फेरीशी दूरदर्शनचं नाव जोडलेलं असतं ते स्पर्धा प्रसारण संस्थांच्या युनियनची असल्यामुळेच. अभियांत्रिकीची स्पर्धा आणि भरवणार टीव्हीवाले, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खेळाचा घाट त्यातूनच आला आहे. लाल विरुद्ध निळा, सामना बहुधा तीन मिनिटांचा, आणि बहुतेक वर्षी एखादं काम असं की ते आधी पुरं करणारा तिथल्या तिथे जिंकला. घरात बसलेल्या आजीलाही कळलं पाहिजे. या शेवटच्या कामाला यजमान देश आपल्या भाषेतली आरोळी देतो. थायलंडने 2016ला ‘चायो’ दिली, जपानने 2017ला ‘अप्पारे’, मंगोलियाने 2019ला ‘उउखाई’.

विषयही यजमानाच्या घरचा असतो. कैरोने 2010 साली पिरॅमिड बांधायला लावले, टोकियोने 2009 साली पालखी वाहायला लावली. इंडोनेशियाने 2015मध्ये सरळ बॅडमिंटन दिलं. बघायला ते झकास होतं, पण रसिक म्हणून माझी तक्रार आहे. बॅडमिंटनचं बॅडमिंटनच राहिलं, त्याचं दुसरं काही झालं नाही. याउलट मंगोलियाचा ‘ग्रेट उर्तू’. जुन्या काळी घोडेस्वार निरोप्ये टप्प्याटप्प्याने राजाज्ञा पोचवत, त्यावरचा खेळ. दुसऱ्या रोबोला चाकं वापरायलाच बंदी होती. त्याने चार पायांवर चालायचं, वाळूची टेकडी आणि दोरांचा अडथळा ओलांडायचा. त्या एका बंदीने त्या वर्षी आशियातल्या कितीतरी कार्यशाळांत पोरं कागदावर घोड्याचे पाय काढत बसली असतील. बंदिशीत एखादा अडचणीचा स्वर मुद्दाम ठेवलेला असतो, तो असा.

भारताकडे यजमानपद तीनदा आलं: 2008 आणि 2014 साली पुण्यात, 2022 साली दिल्लीत. तिन्ही विषय आपल्या अंगणातले होते.

2008चा विषय गोविंदाचा, म्हणजे दहीहंडीचा. नाव होतं ‘टच द स्काय’. उंचावर मटकी, मटक्यांत लोणी, आणि ते काढायचं. आमच्या शिरोळ तालुक्यात दहीहंडीकडे नुसती हौस म्हणून कुणी बघत नाही. इथली गोविंदा पथकं कोल्हापुरात जाऊन मोठमोठ्या बक्षिसांच्या हंड्या फोडून येतात, आणि इथला जाणता बघ्या वरच्या पोराकडे बघतच नाही. त्याची नजर खालच्या थराच्या पायांवर असते. रोबोकडेही तसंच बघावं. हात जितका उंच जाणार तितकं जड सामान तळाशी हवं, म्हणून बॅटऱ्या आणि मोटारी चाकांलगत बसवतात. तरी खरी परीक्षा थांबताना होते. उंच खांब वर करून रोबो वेगात आला आणि गपकन थांबला, तर खाली चाकं थांबतात आणि वरचा पंजा झुलत राहतो. तो स्थिर होईपर्यंत सेकंद जातात. म्हणून चांगला संघ आधी हळू होतो, मग थांबतो. हे ‘आधी हळू होणं’ एकदा दिसू लागलं की सामना वेगळाच दिसतो. विषय म्हणून मात्र ही दहीहंडी मला जरा कोरडी वाटते. वरून पाण्याचा मारा नाही, निसरडे खांदे नाहीत, थर कोसळल्यावर पुन्हा उभं राहणं नाही. उंची तेवढी उरली. जिंकले चीनच्या शिआन जियाओतोंग विद्यापीठाचे विद्यार्थी.

2014चा विषय या तिघांत सरस, आणि त्या तोडीचा मला दुसऱ्या कुठल्या देशाचाही आठवत नाही. ‘अ सल्यूट टू पेरेंटहुड’, पालकत्वाला सलाम. नाव ऐकून कपाळाला आठ्या पडतात. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यासारखं वाटतं. पण नियम वाचावेत. दोन रोबो. एक पालक, एक मूल. पालकाने मुलाला उचलून बागेत न्यायचं. तिथे सीसॉ, खांबांवरून चालणं, झोपाळा आणि शेवटी जंगल जिम. मूल जंगल जिमवर चढून गेलं की ‘शाब्बास’.

आता यातली खुबी. पालक रोबो माणूस चालवतो, मूल मात्र स्वयंचलित. म्हणजे पालकाला शेवटपर्यंत कुणीतरी हात धरणारं आहे, आणि मुलाला एकदा खाली ठेवलं की कुणी नाही. त्याने आपल्या सेन्सरांच्या आणि आधी लिहून दिलेल्या प्रोग्रॅमच्या भरवशावर चालायचं. नियम करणाऱ्याने भूमिका उलट वाटल्या असत्या तरी खेळ झाला असता, पण विषय मेला असता. कामांचा क्रमही बघण्यासारखा आहे. सीसॉवर पालक सोबत असतो, झोपाळ्याला झोका पालक देतो, जंगल जिमवर मूल एकटं. कुठेही ‘स्वावलंबन’ असा शब्द न लिहिता नियमांच्या कलमांतूनच ते सांगून झालं आहे.

आणि आता जवळून बघण्याची गोष्ट: पालक मुलाला खाली ठेवतो तो क्षण. स्वयंचलित रोबोला जग ठाऊक असतं ते स्वतःच्या सुरुवातीच्या जागेपासून मोजून. पालकाने त्याला किंचित तिरकं ठेवलं, तर मूल अगदी बरोबर चालत, अगदी बरोबर चुकीच्या जागी जातं. त्याचा काहीच दोष नसतो. म्हणून जाणत्या संघांचा सगळा जीव त्या ठेवण्यात असतो. कुणी पंजाला असे खाचे देतो की ठेवताना मूल आपोआप सरळ होईल, कुणी पालकाला आधी बागेच्या लाकडी कडेला टेकवून घेतो, मग ठेवतो. कडेला टेकून सरळ व्हायचं ही युक्ती सेन्सरपेक्षा स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त खात्रीची. मला असल्या युक्त्या फार आवडतात. लेथवर काम केलेल्या माणसाचं डोकं त्यात दिसतं. नुसत्या स्क्रीनवर आराखडा काढणाऱ्याला ती सुचेलच असं नाही. त्या वर्षी ‘शाब्बास’ म्हणवून घेण्यात सर्वांत पुढे गेला तो व्हिएतनामचा लाक होंग विद्यापीठाचा संघ. करंडकही त्यांनीच नेला.

रोबोकॉनच्या रोबोत आणखी एक दागिना शोधावा: कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या. सांगाड्याच्या पोटात ओळीने बांधलेल्या दिसतात. नवखा म्हणतो, पोरांनी कचरा का ठेवलाय? त्या हवेच्या टाक्या असतात. न्यूमॅटिक सिलिंडरला दाबलेली हवा लागते, लोखंडी टाकी जड पडते, आणि रोबोच्या वजनाला मर्यादा असते. सोडा कोंडून ठेवायलाच केलेली बाटली दाब सोसते. नियमात साधारण 6 बारपर्यंतची मुभा असते. सामन्याआधी पिटमध्ये त्या भरून घ्यायच्या, सामना सुरू झाला की प्रत्येक हालचालीला थोडी थोडी हवा खर्च होणार. मोटर कशी हळूहळू फिरते, सिलिंडरचं तसं नाही. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! पण हवा संपली की पलटी बंद. शेवटच्या मिनिटात ‘फस्स’ हा आवाज लहान होत गेला की समजावं, यांनी आधी उधळपट्टी केली.

आणि रिट्राय. रोबो अडकला, घसरला, भलतीकडे गेला, तर संघातला मुलगा किंवा मुलगी हात वर करून ‘रिट्राय’ मागते. पंचाने परवानगी दिली की रोबो उचलून ठरलेल्या जागेवर आणायचा आणि पुन्हा सुरुवात. घड्याळ थांबत नाही. मैदानात संघाचे तिघंच असतात, जड रोबो त्यांनीच हलवायचा. रिट्राय कधी मागायचा, यात संघाची तालीम दिसते. कच्चा संघ ‘निघेल, निघेल’ म्हणत बघत राहतो. मुरलेला संघ रोबो अडकल्या-अडकल्या हात वर करतो, कारण तो तसा कुठे कुठे अडकतो हे त्यांनी आधीच मांडवात, स्वतः रंगवलेल्या प्लायवूडच्या मैदानावर, रात्री-बेरात्री बघून ठेवलेलं असतं.

दर वर्षी विषय बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा रोबो दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होतो. मोटारी काढून घेतात, सांगाडा भंगारात. मुलंही बदलतात. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सोल्डरिंग करत आत येतो आणि शेवटच्या वर्षाला कप्तान होऊन बाहेर पडतो. तेवढ्यात त्याला दोन-तीन हंगाम मिळतात. मग संघाकडे उरतं काय? काही महाविद्यालयांत ते सिनियरच्या डोक्यात असतं आणि त्याच्या नोकरीबरोबर बंगळुरूला जातं. काही ठिकाणी ते लिहून ठेवतात: कुठली मोटर तापली, कुठला कोड कुठल्या मैदानावर फसला, रंगीत पट्टी ओळखणारे सेन्सर टीव्हीच्या प्रखर दिव्यांखाली कसे बावचळले. इथे पुन्हा पलुस्करच आठवतात. घराण्यांनी कुलूपबंद ठेवलेली गायकी त्यांनी स्वरलिपीत उतरवली, 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुस्तकं छापली. गवयांना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. आमच्या भागातली पोरं जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातात; त्यांच्यापैकी जी रोबोच्या नादी लागतील त्यांनी आधी वही घालावी, मग बॉट जोडायला घ्यावा.

2022चा विषय लगोरी. हा ऐकून आनंद झाला नाही असा आमच्या वयाचा माणूस नसेल. नियम अंगणातल्यासारखेच: एक संघ चेंडू मारून रास फोडणार, मग ती रचणार, दुसरा त्यांना चेंडूने टिपणार. प्रत्येकाचे दोन रोबो. पण मोठी अडचण होती. चेंडू लागला की नाही हे यंत्राला कसं कळणार? त्याला पाठ नाही, कळ नाही, आणि ‘लागलाच नाही!’ म्हणून भांडायला तोंड नाही. नियमकर्त्यांनी रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवून दिला. समोरच्याने तो पाडायचा. पडला की सगळ्यांना दिसतो, वाद मिटला. सुंदर तोड आहे! शिवाय रचणाऱ्या रोबोला स्वतःलाच डोकं सांभाळत वाकावं लागतं, हा वेगळा पेच फुकटात मिळाला. तरीही थोडी चुटपुट राहते. अंगणातल्या लगोरीत निम्मा खेळ त्या भांडणाचाच असतो, आणि रास कोण रचणार हे ऐन वेळी ठरतं. जो जवळ असेल तो. इथे भूमिका आधीच वाटलेल्या, रचणारा तोच, मारणारा तोच.

पुन्हा कधी यजमानपद आलं तर विटीदांडू द्यावा असं माझं मत आहे. गल्लीतून, म्हणजे जमिनीतल्या लहान खड्ड्यावरून, विटी कोलायची, हे यंत्राला सोपं. पण टोकावर दांडू मारून विटी हवेत उडवायची आणि पडायच्या आत टोला हाणायचा, हे कठीण. लाकडाचा टोकदार तुकडा दर वेळी वेगळा गिरक्या घेतो, कॅमेऱ्याने तो ओळखून हाताला हुकूम देईपर्यंत अर्धा सेकंदही नसतो. समोरच्या रोबोने झेल घ्यायचा. अंतर दांडूनेच मोजायचं, वकट, लेंड, मुंड करत. त्यासाठी मोजणारा वेगळा स्वयंचलित रोबो ठेवता येईल. विटीला टोक किती द्यायचं आणि लाकूड बाभळीचं घ्यायचं की सगळ्या देशांना सारखं मिळावं म्हणून नायलॉनचं, यावर नियम समितीत चांगलीच खडाजंगी होईल. माझं मत बाभळीला.