पर्सिगचा ग्रंथ आणि आमची जावा

गेल्या आषाढांत आमच्या घरच्या जुन्या जावा मोटारसायकलीस अपघात झाला, आणि त्या निमित्तानें रॉबर्ट पर्सिग याचा 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हा ग्रंथ मला तिसऱ्यांदा वाचावा लागला. 'वाचावा लागला' हे शब्द मुद्दाम योजले आहेत. पहिल्यानें तो वाचला तेव्हां मी एम. ए. चा विद्यार्थी होतों व त्यांतील गुणवत्तेच्या तत्त्वज्ञानानें अगदीं भारावून गेलों होतों. दुसऱ्यानें वाचला तो वर्गांत शिकविण्यासाठीं, म्हणजे पेन्सिल हातांत घेऊन. या खेपेस हातांत पान्हा होता. मौज अशी कीं, ज्या पानांवर पूर्वी मीं जाड रेघा ओढल्या होत्या तीं आतां भराभर उलटावींशीं वाटलीं, आणि जीं त्या वेळीं निव्वळ भरताड वाटलीं होतीं तींच तेलकट बोटांनीं पुनःपुन्हां काढून पाहावीं लागलीं.

ज्यांच्या पाहण्यांत हा ग्रंथ आला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. १९६८ च्या उन्हाळ्यांत पर्सिग आपल्या क्रिस नांवाच्या मुलास मागें बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत मोटारसायकलवर गेला. त्या प्रवासाची हकीकत सांगतां सांगतां निवेदक यंत्रें, विज्ञान, शिक्षण आणि ग्रीक तत्त्वज्ञान यांवर व्याख्यानांची एक मालिकाच ऐकवितो. १२१ प्रकाशकांनीं नाकारलेला हा ग्रंथ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लाखों प्रती खपल्या. प्रवासाच्या आड दुसरी एक कथा आहे. निवेदक पूर्वी अध्यापक होता. एकाच विचाराचा हट्टानें पाठलाग करतां करतां त्याचें मन ढासळलें, न्यायालयाच्या हुकुमावरून त्यास विजेचे झटके देण्यांत आले, आणि त्यांतून जो मनुष्य बाहेर आला तो पूर्वीचा नव्हता. त्या पुसून टाकलेल्या मनुष्यास ग्रंथांत फीड्रस असें नांव आहे.

आतां आमची जावा. या चेक गाड्या १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यांत तयार होऊं लागल्या. आमची १९६८ सालीं माझ्या वडिलांनीं घेतलेली, २५० सीसीची, एक सिलिंडर व दोन धुराडीं असलेली. किक मारून झाली कीं तीच दांडी पुढें वळवून गिअर बदलण्यास वापरावयाची, ही तिची खुबी. कात्रजच्या जुन्या घाटांत एका ओल्या वळणावर माझा मुलगा ती घेऊन घसरला. त्याचें हांसळीचें हाड मोडलें, बाकी निभावलें. गाडी मात्र कठड्यावर आदळून पुढचें चाक वेडेंवांकडें झालें, समोरच्या दांड्या वांकल्या, दिव्याचें घर चेपलें आणि टाकीस मोठा पोंचा आला. ज्या कारागिराकडे ती टेंपोंतून नेली त्यानें तिच्याभोंवतीं एक फेरी मारली व "सर, हिला आतां शोकेसमध्यें ठेवा," असा सल्ला दिला. तेव्हां आम्हीं ती घरीं आणून मागच्या पडवींत ठेवली.

पर्सिगच्या ग्रंथाची पहिली मर्यादा मला या पडवींत समजली. त्याचा विषय निगेचा आहे. त्याची होंडा आरंभापासून शेवटपर्यंत धड असते. व्हॉल्वचें अंतर तपासावें, साखळी ताणावी, तेल बदलावें, एवढ्यावर काम भागतें. निगा राखणारा मनुष्य यंत्रावर विश्वास ठेवून आरंभ करतो. अपघातानंतर गाडी उभारणारा संशय घेऊन आरंभ करतो. जें वांकलेलें दिसतें त्याची चिंता नसते. जें सरळ दिसतें त्याची असते. समोरच्या दांड्यांची एक नळी डोळ्यांस अगदीं सरळ दिसत होती. माझ्या टेबलावरील जाड कांचेवर ती लोळविली तेव्हां मधोमध उजेडाची बारीक फट उघडझांप करूं लागली. सांगाडा सरळ आहे कीं नाहीं हें दोन्ही चाकांस लांब दोरी लावून पाहावयाचें. त्यांत आमचें नशीब चांगलें निघालें. या संशयाबद्दल पर्सिगच्या ग्रंथांत जवळजवळ कांहींच नाहीं.

तथापि जेथें तो उपयोगी पडतो तेथें त्याच्यासारखा दुसरा नाहीं. जोडतांना क्रम चुकूं नये म्हणून वही ठेवावी, सुटे भाग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काढल्या क्रमानें मांडावे, हा त्याचा उपदेश आम्हीं अक्षरशः पाळला. दोन महिने आमच्या घरांत कोणासहि रद्दी विकतां आली नाहीं. आणि स्क्रूचें प्रकरण! झांकणाचा एक क्षुद्र स्क्रू अडकून बसतो, त्याची खांच झिजते, आणि त्या क्षणीं त्या स्क्रूची किंमत अख्ख्या गाडीएवढी होते. कारण तो निघेपर्यंत गाडी निरुपयोगी. अशा अडलेपणास अपयश न समजतां तेथेंच थांबून स्क्रूकडे नीट पाहावें, असें त्याचें म्हणणें. आमच्या इंजिनाच्या डाव्या झांकणाचा एक स्क्रू तंतोतंत असाच अडला. ॲल्युमिनियमच्या झांकणांत पोलादी स्क्रू पन्नास वर्षें राहिला म्हणजे तो तेथें रुजतो. मीं त्यास रॉकेल पाजलें, डिझेल पाजलें, ग्रंथकर्त्याच्या आज्ञेप्रमाणें स्वस्थ बसून त्याच्याकडे पाहत राहिलों, आणि हात गळ्यांत अडकवून जवळ बसलेल्या मुलास या अडलेपणाचें तत्त्वज्ञानहि समजावून सांगितलें. तिसऱ्या दिवशीं तो म्हणाला, "बाबा, तीन दिवस तुम्ही या स्क्रूकडे बघतां आहां. मी पडलों कसा, हें अजून एकदाहि विचारलें नाहींत."

खरेंच मीं विचारलें नव्हतें. वेग असेल, असें मनाशीं ठरवून मी मोकळा झालों होतों. त्यानें सांगितलें तें असें: वैशाखापासून हँडल वळतांना अडखळत होतें, त्यानें तें मला दोनदां सांगितलें होतें, आणि दोन्ही वेळां मी परीक्षेचा विषय काढून बोलणें दुसरीकडे नेलें होतें. पुढें हँडलची मान खोलली तेव्हां आंतील छर्रे ज्या वाट्यांत फिरतात त्या वाट्यांत खळगे पडलेले आढळले. ग्रीस वाळून त्याचा खडा झाला होता. आदळल्यानें पडलेला खळगा आंतून चकाकतो. या खळग्यांच्या तळाशीं काळा गंज होता. म्हणजे दोष अपघाताच्या आधींचा. त्या वाट्या वर्तमानपत्रावर त्यांच्या क्रमानें मांडून ठेवतांना माझ्यानें मुलाकडे पाहवेना.

त्या रात्रीं मीं ग्रंथ पुन्हां उघडला व या खेपेस फक्त क्रिसचीं वाक्यें वाचीत गेलों. मुलगा अकरा वर्षांचा. त्याचें पोट दुखतें आणि डॉक्टरांस कारण सांपडत नाहीं. तो चिडतो, रडतो, मध्येंच रुसून बसतो. अजून किती दूर, असें विचारतो. आणि जो बाप इंजिनाच्या आवाजांतील सूक्ष्म फरकावरून दोष ओळखतो त्यास या मुलाचा आवाज ऐकूं येत नाहीं. त्यास तो मानसिक विकाराचा आरंभ समजतो, म्हणजे निदान करून टाकतो. ग्रंथांत एके ठिकाणीं रेडिओ लावून काम करणाऱ्या बेपर्वा मेकॅनिकांची कथा आहे. इंजिन जाम होण्याचें खरें कारण पंचवीस सेंटांची एक पिन होती, पण त्यांनीं छिन्नी-हातोडा चालवून भलतेंच मोडून ठेवलें. निवेदक त्यांच्यावर रागावतो तें अगदीं रास्त आहे. परंतु मुलाच्या बाबतींत तोच निवेदक त्या मेकॅनिकांच्या रांगेंत जाऊन बसतो, हें पहिल्या दोन वाचनांत माझ्या लक्षांत आलें नाहीं.

हा ग्रंथकर्त्याचा दोष कीं त्याचें कौशल्य? माझ्या मतें कौशल्य. १९९९ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत पर्सिगनें स्वतःच सुचविलें आहे कीं, हा निवेदक भरंवशाचा नाहीं, आणि त्यासाठीं हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या कथेचा दाखला दिला आहे. (दाखल्यांतहि स्क्रूच निघावा हा योग पाहा.) ज्या निवेदकास आपण इतकीं वर्षें तत्त्वज्ञ समजून मान डोलावीत आलों तो झटक्यांनंतर जगाशीं जुळवून घेतलेला, घाबरलेला मनुष्य आहे. दुरुस्ती कशी करावी हें तो उत्तम सांगतो. पण तो स्वतः एका वाईट दुरुस्तीचा नमुना आहे. ज्यांनीं त्यास बरें केलें त्यांनीं मोडलेला भाग शोधला नाहीं, सारेंच पुसून नवा रंग दिला. आणि क्रिसची सारी तक्रार तरी दुसरी कोणती आहे? जुना बाप कोठें गेला, एवढेंच त्यास हवें आहे. त्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे हा ग्रंथ अपघातानंतरच्या उभारणीचाच आहे, आणि मी वर सांगितलेली त्याची मर्यादा अर्धीच खरी ठरते.

ग्रंथाच्या उत्तरार्धाविषयीं मात्र माझें मत पालटलें तें पालटलेंच. गुणवत्ता ही व्याख्येपलीकडची वस्तु होय, येथपर्यंत ठीक. पुढें शिकागोच्या विद्यापीठांतील तो वाद, ॲरिस्टॉटलास जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें, सोफिस्टांचा तो एकतर्फी कैवार, हें सारें आतां अध्यापकी वैराचें कागदपत्र वाटतें. मीहि अध्यापकच असल्यामुळें त्याचा वास मला लवकर येतो. जगांतील माणसांची यंत्राच्या अंतरंगांत रमणारे व केवळ त्याच्या रूपावर लुब्ध होणारे अशी जी वांटणी तो करतो तीहि पडवींत टिकत नाहीं. बीएमडब्ल्यूच्या सैल हँडलांत बिअरच्या डब्याचा पत्रा घालण्याची सूचना ऐकून त्याचा मित्र जॉन दुखावला, हा प्रसंग त्यानें फार रंगविला आहे. पण जो मुलगा आम्हांस जावाच्या केवळ रूपावर भाळलेला वाटत होता त्यानेंच स्क्रूचा प्रश्न सोडविला. झांकण गरम करा, ॲल्युमिनियम पोलादापेक्षां अधिक प्रसरण पावतें, मग करवतीनें डोक्यावर नवी खांच पाडा, असें त्यानें सांगितलें व तसें करतांच स्क्रू निघाला. एका हातानें त्यानें पेचकस धरला होता, दुसऱ्या बाजूनें मीं.

मॅथ्यू क्रॉफर्ड याचें २००९ सालचें 'शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट' हें याच जातीचें पुस्तक. तत्त्वज्ञानाचा हा डॉक्टर व्हर्जिनियांतील रिचमंड येथें मोटारसायकली दुरुस्त करीत असे. तें अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यांत गिऱ्हाईक आहे आणि बिल आहे. पण त्यांत मूल नाहीं. आपल्याकडे गोरोबा कुंभार व सांवता माळी यांनीं आपापल्या धंद्याची भाषा भक्तीपर्यंत नेली. पुढच्या आमच्या पांढरपेशा वाङ्मयांत मात्र हातांस बोटें असतात तीं बहुधा लेखणी धरण्यापुरतीं.

टाकीचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. रंगाऱ्याचें म्हणणें, सगळा रंग खरवडून काढूं, पत्रा नवा करूं, क्रोमहि नवा चढवूं; कारखान्यांतून आतांच आली असें वाटेल. तोंडाभोंवतींचा रंग उडालेला आहे तो वडिलांच्या हातून वर्षानुवर्षें पेट्रोल सांडून उडालेला. नाना पेठेंत हिंडून आम्हीं समोरच्या नळ्या, वाट्या आणि छर्रे नवे आणले. चाकाची धांव जुन्या बाजारांत दोन रविवार घालवून मिळविली, पण आरे सारे नवे घातले. ज्यावर जीव अवलंबून आहे तेथें आठवणीची भीड धरणें हा गुन्हा होय. टाकी मात्र पोंचा आंतून जमेल तितका उचलून तशीच बसविली. पोंच्याची कड अजून दिसते. फीड्रसच्या डॉक्टरांस हा भेद कळता तर पर्सिगला ग्रंथ लिहावा लागला नसता, असें मीं मुलाजवळ म्हणून पाहिलें. त्यानें ग्रंथ वाचलेला नाहीं, म्हणून तो फक्त हंसला.

१९८४ च्या आवृत्तीस जोडलेल्या उपसंहारांत पर्सिगनें लिहिलें आहे कीं, क्रिस १९७९ च्या नोव्हेंबरांत सान फ्रान्सिस्कोंत लुटारूंच्या हातून मारला गेला. त्याच्या तेविसाव्या वाढदिवसास थोडेच दिवस उरले होते. तीं पानें मीं वर्गांत कधींच शिकविलीं नाहींत. या खेपेस तीं वाचलीं, आणि उठून शेजारच्या खोलींत दिवा जळतो आहे कीं नाहीं तें पाहून आलों. पर्सिग २०१७ सालीं वारला; त्याची होंडा २०१९ मध्यें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयास देण्यांत आली, म्हणजे आमच्या कारागिराच्या सल्ल्याप्रमाणेंच झालें.

आमची जावा मार्गशीर्षांत सुरू झाली, सहाव्या किकेस. तेल मिसळलेल्या पेट्रोलचा निळा धूर पडवीभर झाला व घरांतून खिडक्या लावल्याचा आवाज आला. मुलाचें हाड तोंपर्यंत जुळलें होतें. तो पुढें बसला आणि मला मागें बसावयास सांगितलें. ग्रंथाच्या शेवटीं क्रिस पावदानांवर उभा राहतो, तेव्हां कोठें त्यास बापाच्या खांद्यावरून समोरचें दिसूं लागतें. तोंपर्यंतच्या प्रवासांत त्याच्यापुढें फक्त एक पाठ होती. चव्वेचाळीस मैलांचा वेग मला या वयांत उभा राहण्याजोगा नाहीं, म्हणून मी बसूनच राहिलों. कात्रजच्या पायथ्याशीं त्यानें गाडी थांबविली व हँडल दोन्ही बाजूंस सावकाश वळवून मला विचारलें, "आतां ऐका, कांहीं आवाज येतो का?"