भगीरथाची सुटका : ‘एकच प्याला’ आणि दारू सोडणाऱ्याचा आधार

‘एकच प्याला’ या नाटकाविषयी गेल्या शंभर वर्षांत जे लिहिले-बोलले गेले, त्यातले बहुतेक सुधाकर आणि सिंधू यांच्याभोवती फिरते. सुधाकरचा मानी स्वभाव, सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद आणि गडकऱ्यांची भाषा हे चर्चेचे ठरलेले विषय. पण या नाटकात दारूतून कायमचा बाहेर पडणाराही एक माणूस आहे. तो म्हणजे भगीरथ. व्यसनातून सुटू पाहणाऱ्याला स्वतःपेक्षा मोठ्या कशाचा तरी आधार लागतो का, आणि तो आधार देवाचाच असावा लागतो का, हा वाद व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात जुना आहे. या वादाच्या उजेडात भगीरथाकडे पुन्हा पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांची सिंधू घराघरांत पोहोचली. कथानक वाचकांना ठाऊकच आहे. सुधाकर हा हुशार वकील. त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते आणि अपमानाने पोळलेल्या मनाला तळीराम पहिला प्याला देतो. पुढे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चयही करतो. तो निश्चय खोटा नसतो. पण कामधंद्यासाठी ज्या प्रतिष्ठितांच्या दारी तो जातो, तिथे त्याला हेटाळणीच मिळते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटकाचा हा भाग सहसा मनाच्या दुबळेपणाचा पुरावा म्हणून वाचला जातो. मला तो वेगळा वाटतो. सुधाकरपाशी निश्चय असतो, पण तो घेऊन बसायला जागा नसते. साऱ्या नाटकात नियमाने भरणारी बैठक एकच आहे, आणि ती आर्य मदिरा मंडळाची! तिथे सुधाकरचे स्वागत आहे, थट्टा आहे, सोबत आहे. ते मंडळ सोडणाऱ्याला जायला दुसरे मंडळ गडकऱ्यांनी दाखवलेले नाही.

आता भगीरथ. प्रेमभंगाने खचून तो याच मंडळात आलेला असतो. रामलाल त्याला पापपुण्याची भीती घालत नाही. तो त्याला देशाकडे, दुःखात पिचलेल्या समाजाकडे बोट दाखवतो. तुझ्या दुःखापेक्षा मोठे दुःख बाहेर आहे आणि तिथे तुझी गरज आहे, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. भगीरथ दारू सोडतो आणि पुन्हा तिच्याकडे जात नाही. सुधाकरचा निश्चय ‘मी’ या शब्दावर उभा आहे. भगीरथाचा आधार ‘मी’च्या बाहेर आहे आणि तो देवही नाही.

या नाटकानंतर सोळा वर्षांनी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात याच्याशी जुळणारी गोष्ट प्रत्यक्ष घडली. बिल विल्सन नावाचा शेअर दलाल काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटला होता. धंद्यातला व्यवहार फसला आणि हॉटेलात एकटा असताना त्याला दारूची ओढ लागली. त्याने चर्चच्या मंडळींना फोन लावून बोलायला एखादा दारुडा माणूस शोधला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघांच्या बोलण्यातून १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली. दुसऱ्याला सावरायला गेलेला माणूस स्वतः सावरतो, हे विल्सनच्या ध्यानात आले. १९३९ मध्ये या मंडळींचे पुस्तक निघाले. त्यातल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख ठायी ठायी आहे. पण जिम बरवेलसारख्या देव न मानणाऱ्या सभासदांनी आग्रह धरला, म्हणून देवाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा अशी सवलत मजकुरात आली. पुढे कित्येकांनी आपल्या गटालाच ती मोठी शक्ती मानले.

मी राहतो त्या रायगडच्या किनाऱ्यावर हा विचार वेगळ्या शब्दांत पूर्वीपासून वावरतो आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात माड आणि ताड दारात उभे, म्हणून माडी-ताडी घरचीच. दारू सुटलेल्या माणसाबद्दल इथे ‘त्याने दारू सोडली’ असे क्वचितच म्हणतात. ‘त्याने माळ घातली’ किंवा ‘तो बैठकीला बसतो’ असे म्हणतात. वाक्यात दारूचे नावही नाही. माणूस काय टाकून आला यापेक्षा कुठे जाऊन मिळाला, हे भाषेने नोंदवले आहे.

माळ म्हणजे वारकऱ्याची तुळशीची माळ. तिच्याबरोबर मद्यमांस वर्ज्य होते आणि एकादशी, भजन, वारी यांचे वर्षभराचे वेळापत्रक येते. मासळीवर पोट असलेल्या घराला हा नियम जड जातो, हेही खरे. बैठक म्हणजे दासबोधाच्या निरूपणाची. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये हे काम सुरू केले. तिसरी वाट देवाला बाजूला ठेवणारी आहे. ज्या महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, ते याच जिल्ह्यात. त्या लढ्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. इथे विश्वाचा कर्ता कुणी नाही. स्वाभिमान आणि संघ आहे.

श्रद्धेच्या दृष्टीने या तीन वाटा एकमेकींपासून फार दूर आहेत. तरी तिन्हींत ठरलेला दिवस आहे, ठरलेली जागा आहे आणि ‘काल का आला नाहीस?’ असे विचारणारी माणसे आहेत. सुधाकरला नेमके हेच मिळाले नाही.

त्याला सिंधू मिळाली होती, असे कुणी म्हणेल. आपल्या समाजाचे मोठे नुकसान याच उत्तराने केले आहे. सिंधू दळण दळते, मार सोसते, मरताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. प्रेक्षकांनी तिला देवता केले. पण तिच्या सहनशीलतेने सुधाकर सुटत नाही, त्याचे पोर आणि ती मात्र जातात. आजही दारुड्याच्या बायकोला ‘तूच त्याला सांभाळ’ असे सांगणारे तिच्यावर एका मंडळाचे काम एकटीने करण्याची सक्ती करत असतात.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्याविषयीचे अवचटांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे पुस्तक ‘एकच प्याला’च्या शेजारी ठेवून वाचावे. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात, हे तिथले वैशिष्ट्य. भगीरथाला जे एका प्रवेशात मिळाले, ते इथे रोजच्या कामाच्या रूपात दिसते.

या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. माणसाचा आधार तुटतो. देवाचा तुटत नाही. गडकऱ्यांनाही हे दिसले होते. भगीरथाला वाट दाखवणारा रामलाल स्वतः शरदच्या मोहात सापडतो आणि त्याच भगीरथाचा हेवा करू लागतो. म्हणजे एका व्यक्तीला मोठी शक्ती मानणे धोक्याचेच. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या. तरी मुक्तांगण चालू राहिले, कारण आधार तोवर एका व्यक्तीत उरला नव्हता, अनेकांत वाटला गेला होता. दुसरी उणीव नाटकाची. भगीरथ फार झटपट सुटतो. त्याची तळमळ, त्याच्या घसरण्याच्या वेळा गडकऱ्यांनी दाखवल्या नाहीत. सुधाकरच्या पडण्याला त्यांनी पाच अंक दिले आणि भगीरथाच्या उठण्याला थोडी पाने. म्हणूनच आपल्या मनात दारुड्याचे चित्र राहिले ते सुधाकरचे.

या चित्राचा परिणाम रंगभूमीपुरता राहत नाही. देव मानता येत नाही म्हणून सभेतून उठून जाणारा माणूस आपली गत सुधाकरचीच, असे धरून चालतो. त्याला भगीरथ ठाऊक असायला हवा. यापुढे जो कुणी हे नाटक बसवेल किंवा वर्गात शिकवेल, त्याने भगीरथाचे प्रवेश सावकाश घ्यावेत.