रेटीचा राजा आणि ‘चमत्कार’ हा शब्द

पटावर फक्त चार मोहरी आहेत, मंडळी. पांढरा राजा एच८ वर, त्याचं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, त्याचं प्यादं एच५ वर. चाल पांढऱ्याची, आणि त्याला डाव बरोबरीत सोडवायचा आहे. रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचलेली ही स्थिती. बुद्धिबळ शिकवणारे बरेचदा ती ‘चमत्कार’ म्हणून दाखवतात. आमची तक्रार आहे ती या शब्दाबद्दल.

वरवर पाहता डाव गेलेलाच. काळं प्यादं चार चालींत वजीर होणार; त्याला गाठायला आपला राजा दोन चाली मागे. आपलं प्यादं एकटंच पुढे ढकललं तर काळा राजा ते सहज खातो. रेटी काय करतात? राजाला सरळ खाली न धाडता तिरका नेतात: जी७, एफ६, ई५. या वाटेवर प्रत्येक पाऊल दोन कामं करतं. काळ्याने प्यादं पळवलं, तर आपला राजा स्वतःच्या प्याद्याच्या मदतीला पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. काळा राजा बी६ वरून सी६ चं प्यादं खायला गेला, तर आपण एफ४, जी३ करत एच२ वर त्याचं प्यादं धरतो.

मोजून बघा. एच८ ते एच२ सरळ गेलं तर सहा चाली, ई५ वरून वळसा घेतला तरी सहाच! शाळेतल्या भूमितीत हे बसत नाही, राजाच्या चालीत बसतं. आणि त्या कमी पडलेल्या दोन चाली? त्या काळ्यानेच दिल्या, आपलं प्यादं खाण्यापायी. यात चमत्कार कुठे आला? हिशेब आहे हा.

खरी अडचण वेगळीच आहे. कोड्याखाली ‘पांढऱ्याने बरोबरी साधावी’ असं छापलेलं असतं, म्हणजे अर्धं उत्तर आधीच हातात. खऱ्या डावात कानात येऊन कोण सांगतं? कॉलेजात असताना आम्ही हत्ती-प्याद्यांचा एक डाव सोडून दिला होता. रात्री खोलीवर परत मांडला, तर बरोबरी समोर! चाल अवघड नव्हतीच हो. ती असेल अशी शंकाच आम्हाला आली नव्हती.

म्हणून शिकवणाऱ्यांना आमचं सांगणं, ती ओळ झाका. चार मोहरी मांडा आणि विचारा, हा डाव कोण जिंकणार? मुलं ‘काळा’ म्हणतील. म्हणू द्या. घाई करू नका.