पंक संगीत आणि आमची अनियतकालिके

ज्या संगीतात सुरापेक्षा गोंगाट अधिक, त्याचा विचार वाङ्मयीन नियतकालिकात कशासाठी, असे वाचक विचारतील. पंक रॉक हा पाश्चात्त्य प्रकार आमच्याही कानास गोड लागत नाही, हे प्रथमच कबूल केलेले बरे. तथापि एखाद्या चळवळीचे मोल केवळ तिच्या कृतींवरून ठरत नाही. तिने कोणती दारे उघडली, हेही पाहावे लागते.

1976 साली न्यूयॉर्कच्या रमोन्स या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तीत गाणी चौदा, आणि ती सारी अर्ध्या तासाच्या आत. त्याच वर्षी लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतील तरुण कारकुनाने छायाप्रती टाचून 'स्निफिन ग्लू' नावाचे पत्र काढले. जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स मंडळींनी उसन्या पैशांवर आपली ध्वनिमुद्रिका स्वतःच प्रसिद्ध केली. सेक्स पिस्टल्सचा शिवराळपणा अधिक गाजला खरा. पण तो वृंद 1978 च्या आरंभीच मोडला. टिकली ती कोणाच्या परवानगीची वाट न पाहता स्वतः निर्मिण्याची व स्वतः विकण्याची रीत.

मराठी वाचकास ही रीत अपरिचित नाही. त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक चालविले होते. साठीनंतर 'असो', 'फक्त', 'येरू' अशी कित्येक निघाली आणि बंदही पडली. प्रतिष्ठित मासिकांची अभिरुची म्हणजेच मराठीची अभिरुची, हे त्यांस मान्य नव्हते. त्यांतील पुष्कळसे लेखन आज वाचवत नाही. शिवी दिली की कविता झाली, असे समजणारेही त्यांत होते. परंतु वाट मोकळी झाली ती त्यांच्यामुळेच.

त्या वाटेने नामदेव ढसाळ आले. पंकमधील फाटका कोट हा बहुधा स्वखुशीचा वेष होता. लवकरच तो दुकानांत विक्रीस लागला. 'गोलपिठा'ची (1972) भाषा हा वेष नव्हे. कवी ज्या वस्तीत वाढला तिचीच ती बोली. प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांसही त्यातील शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. जाणत्या लेखकाने अडाणीपण पत्करून अर्थ विचारावा, यातच आम्हां शिक्षकांस धडा आहे.

आम्ही भैंसा येथे शिकवितो. येथील मुलांच्या मराठीत तेलुगू व दखनी उर्दू सहज मिसळलेली असते. वर्षानुवर्षे असे शब्द आम्ही निबंधांतून तांबड्या शाईने खोडीत आलो. कोणाही मुलास त्यांचा अर्थ विचारला नाही. प्रमाण भाषा शिकविणे हे आमचे कर्तव्यच आहे, व ते आम्ही सोडणार नाही. परंतु खोडलेल्या शब्दाबरोबर त्या मुलाचे घरही आपण खोडीत असतो, हे ध्यानी येण्यास आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली.

यंदाच्या शालेय हस्तलिखितात मुलांची काही पाने आम्ही न सुधारता घेणार आहोत. त्यांत गोंगाट असेल. तो ऐकण्याची आमची तयारी आहे.