हायपोची बाटली आणि मुलांचे कान

शाळेच्या प्रयोगशाळेत 'हायपो'ची बाटली असते. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. आयोडिनच्या अनुमापनासाठी आपण ते वापरतो. हाच क्षार कर्करोगाच्या उपचारांत मुलांची श्रवणशक्ती वाचवू शकतो, असे सांगणारा पेनेलोप ब्रॉक व सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. तो शिक्षकांनी जरूर समजून घ्यावा, पण डोळसपणे, असे आम्हांला वाटते.

सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध मुलांच्या अनेक प्रकारच्या कर्करोगांवर गुणकारी आहे. मात्र ते अंतर्कर्णातील केशपेशी नष्ट करते आणि माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. प्रथम बळी पडतात त्या उंच स्वर टिपणाऱ्या पेशी. त्यामुळे मुलाला हाक ऐकू येते, पण 'स', 'श' यांसारखी व्यंजने निसटतात.

थायोसल्फेट प्लॅटिनमशी संयोग पावून त्याला निष्प्रभ करते. मग ते कर्करोगाच्या पेशींनाही वाचवणार नाही का? यावर संशोधकांनी वेळेची युक्ती योजली. सिसप्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी थायोसल्फेट शिरेतून द्यायचे. हेपॅटोब्लास्टोमा हा यकृताचा कर्करोग झालेल्या १०९ मुलांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. श्रवणचाचणी झालेल्या १०१ मुलांपैकी केवळ सिसप्लॅटिन घेतलेल्यांत ४६ पैकी २९ जणांचे (६३ टक्के) ऐकणे बिघडले. थायोसल्फेट मिळालेल्यांत ५५ पैकी १८ जणांचे (३३ टक्के). तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९२ व ९८ टक्के होते. म्हणजे कान वाचवताना जिवाची किंमत मोजावी लागल्याचे दिसले नाही. प्रयोगाची आखणी नेटकी आहे, यात शंका नाही.

आमचा आक्षेप मोजपट्टीबद्दल आहे. ब्रॉक यांच्याच नावाच्या या पट्टीत ४० डेसिबलपर्यंतची घट 'शून्य श्रेणी'त धरली जाते. उंच स्वर ३५ डेसिबलच्या आत ऐकू न येणारे मूलही 'न बिघडलेल्यां'त गणले जाते. शिवाय मुख्य मोजमाप शुद्ध स्वरांचे आहे. वर्गात मात्र पंखा घरघरतो, बाके सरकतात, गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलतात. त्या गलबल्यात मुलाला वाक्य कळते का, हे ६३ आणि ३३ हे आकडे सांगत नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हा निष्कर्ष सरसकट सर्व कर्करोगांना लावता येत नाही. निरनिराळे कर्करोग असलेल्या मुलांवरील एक अमेरिकी अभ्यास २०१७ साली छापून आला. त्यातही कान वाचले. पण ज्यांचा रोग शरीरात पसरला होता, त्यांच्यापैकी थायोसल्फेट मिळालेली मुले कमी प्रमाणात जगली. म्हणूनच २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेली मान्यता न पसरलेल्या गाठींपुरतीच आहे. आणि हे औषध म्हणजे खास बनवलेले निर्जंतुक इंजेक्शन, प्रयोगशाळेतील बाटली नव्हे, हेही विद्यार्थ्यांना बजावायला हवे.

थायोसल्फेट मिळूनही तिसरा हिस्सा मुलांचे ऐकणे बिघडलेच. अशी मुले बरी होऊन आपल्याच वर्गात परततात. 'लक्ष नाही' असा शेरा मारण्यापूर्वी त्यांना पुढच्या बाकावर बसवावे, त्यांच्याकडे तोंड करून बोलावे आणि पालकांना श्रवणचाचणी सुचवावी. शोधनिबंधाने न मोजलेले निदान आपण तरी पाहायला हवे.